लांबलेलं मौन

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. बेशुद्ध करताना घशात नळी घालतात, त्यानं घसा बसला असेल, म्हणून मी मिठाच्या गुळण्या करत राहिलो. तरी तोंडातून नुसती हवा, फार तर बारीक चिरका आवाज. लातुरात माझं कापडाचं दुकान, आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारून आत आणणारा मी. एकदा उदगीरचा व्यापारी फोनवर म्हणाला, "बाई, जरा मालकाला द्या." मी फोन ठेवून दिला. लाजेनं कान तापले.

श्रावण तोंडावर होता. बायकोला म्हटलं, सगळ्यांना सांग, मी मौन धरलंय. माझी अक्कल तेवढ्यात चरायला गेली होती.

लोकांनी ते खरं मानलं. म्हातारी माणसं दुकानात येऊन हात जोडू लागली. एका बाईनं तर तान्हं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. श्रावण संपला तेव्हा मी मौन दिवाळीपर्यंत वाढवलं, आणि त्याच दिवशी आईनं चहा सोडला. डोळे नीट उघडायच्या आधी चहा मागणारी माझी आई. ती सकाळी नुसतं पाणी प्यायची आणि मी दुसरीकडे बघायचो. मला तर पाणी पितानाही ठसका लागायचा.

शेवटी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून नांदेड गाठलं. डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि 'ई' म्हणायला लावलं. पडद्यावर एक स्वरतंतू हलत होता, दुसरा तसाच पडून. मला वाटलं, नस मेली. स्कॅन झाला, सुई टोचून स्नायूची तपासणी झाली, मग ते म्हणाले, "नस शाबूत आहे. नळी घालताना स्वरयंत्रातली छोटी कूर्चा, मऊ हाडच म्हणा, सांध्यातून निखळलीय. पहिल्या काही आठवड्यांत आला असता तर जागेवर बसवणं सोपं होतं. आता प्रयत्न करू, खात्री देत नाही. इतके दिवस काय केलं?"

"मौन," मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आईपुढं बसलो आणि त्या फुसक्या आवाजात सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "रोज पूजेला शेजारीच बसते की मी. मौन धरायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन तू मंत्र म्हणायचास, नुसता वारा यायचा. चहा मी तुझ्या मौनासाठी न्हाई सोडला. तुझ्या आवाजासाठी सोडला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुला लाज वाटत होती. माझ्यासमोर बी."

मी मान खाली घातली.

"आता बायकोला हाक मार," ती म्हणाली. "चहा टाक म्हणावं."

बायको गल्लीच्या टोकाला भाजी घेत होती. तिच्याभोवती मला हात जोडणारीच माणसं होती. मी दारात उभा राहून हाक मारली. आवाज फाटला, अर्ध्यात हवा झाला. जवळच्यांनी वळून बघितलं. बायकोला ऐकूच गेलं नव्हतं.

मी पुन्हा हाक मारली.