मामांच्या नावाचे आठ डबे

आमच्या घरी पोकर चिंचोक्यांवर चालतो, हे आधीच सांगून टाकतो. पैशाचा संबंध नाही, दारूचा तर नाहीच. रविवारी दुपारची जेवणं झाली की नांदेडातले आम्ही सात मित्र आमच्या घरी जमतो, ताक पितो आणि चिंचोके हरतो. इतका गरीब जुगार अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही! पण हे माझ्या सासऱ्यांना कोण सांगणार?

सासरे म्हणजे मामा. उदगीरला आडत दुकान, कपाळाला इभूत, गळ्यात इष्टलिंग, आणि पत्त्यांचं नुसतं नाव काढलं की डोळे लाल! माझे साडू, म्हणजे मामांचे थोरले जावई, एका लग्नात मांडवामागं तीन पत्ती खेळताना सापडले. त्या दिवसापासून त्यांना उदगीरचा उंबरा बंद. नवऱ्याशिवाय येणार नाही म्हणून थोरल्या लेकीचंही माहेर बंद. त्यामुळं माझी बायको शैला दर रविवारी मला बजावायची, "माझं माहेर तुटलं ना, तर बघा!" (काय बघायचं ते तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. घाबरतो मी.)

तर झालं असं, की आमचा डिगा पत्ते टाकताना हात लई उडवतो. एका रविवारी त्यानं ताकाचा भरलेला पेला सगळ्या पत्त्यांवर सांडला. राजा-राणीसकट सगळा दरबार ताकात! तेव्हाच मी ठरवलं, टेबलालाच पेले ठेवायची सोय करायची. भोकरच्या एका ओळखीच्या सुताराकडून गोल टेबल करून घेतलं. वर हिरवं कापड, कडेनं आठ भोकं. भोकांत बसवायला काहीतरी खोलगट पाहिजे होतं. माळ्यावर स्टीलचे आठ डबे सापडले, लग्नापासून कागदात गुंडाळून ठेवलेले, कोरे करकरीत. झाकणं बाजूला ठेवली आणि दिले सुताराला. काय फिट्ट बसले! शैलाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

पुढच्याच रविवारी डाव रंगात आला असताना शैला गॅलरीतून धावत आली.

"अहो, अप्पा! अप्पा रिक्षातून उतरून राहिले!"

शैलाचे अप्पा म्हणजे मामाच! डिगानं पत्ते शर्टात कोंबले, बाकीच्यांनी चिंचोके खिशात भरले, शैलानं ताकाचे पेले उचलून आत नेले.

"पळा रे!" मी म्हणालो.

"कुठून पळू? जिन्यात तेच हायत की!" डिगा रडकुंडीला आला.

मामा दारात उभे राहिले. समोर गोल टेबल आणि त्याच्याभोवती घामाघूम झालेले, हात जोडलेले सात बापे.

"शरणार्थ, मामा."

"शरणार्थ. काय करून राहिलात एवढे जण?"

"भजन!" माझ्या तोंडातून निघून गेलं.

"आन टाळ कुठं हायत?"

"मनातल्या मनात करतो, मामा. शेजाऱ्यांना त्रास नको."

मामांनी टेबलावरून हात फिरवला. "हे हिरवं कापड कशाला?"

"बेलाचा रंग."

"आन ही भोकं?"

(महादेवा, धाव रे!) "दिव्यांची. ज्याचा त्याचा दिवा. कलंडत नाही, विझत नाही."

डिगा जोरजोरात मान डोलवत होता आणि त्याच्या शर्टातले पत्ते करकर वाजत होते.

मामा बसले. शैलानं त्यांना ताक दिलं. अलीकडं मामांचा हात कापतो, हातातलं सांडतं आणि त्यांना फार लाज वाटते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि तो टप्पकन डब्यात बसला. एक थेंब सांडला नाही. त्यांनी पेला पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. चेहरा खुलला. सुटलो बुवा, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातून इभूतीची डबी पडली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. मी वाकायच्या आत मामा स्वतःच खाली गेले, ते वर येईचनात.

"जावईबापू," खालून आवाज आला. "जरा खाली या."

गेलो. काय करतो! बघतो तर मामांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर बदामची राणी उताणी पडलेली! मी सरळ तिच्यावर बसलो. मामा वर बघत होते. मीही वर बघितलं. आठही डब्यांच्या बुडावर ठसठशीत कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. शैलजा हीस शिवलिंगप्पांकडून सप्रेम'. लेकीला बापानं लग्नात दिलेले डबे मी जुगाराला जुंपले होते, आणि बाप खाली बसून स्वतःचं नाव वाचत होता!

"हे माझे डबे हायत."

"हाव, मामा."

तेवढ्यात टेबलाखाली तिसरं डोकं आलं. शैलाचं. तिनं वर वाचलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मामा परवडले, असं मला त्या क्षणी वाटलं.

पण मामांचे डोळे भरले होते. "लोक दिलेली भांडी मोडीत घालत्यात. तुमी देवाच्या कामाला लावली. श्रावणात हे टेबल उदगीरला आणा. आन सोमवारी तुमी समदे भजनाला या."

टेम्पो केला, टेबल नेलं, सातही जण गेलो. सात डब्यांत सात दिवे, आठवा रिकामा. सवयीनं जो तो आपापल्या जागेवर बसला. कसंबसं भजन उरकलं. मामा पेढ्यांचं ताट घेऊन डावीकडून निघाले. माझी पाळी आली आणि, काय सांगू तुम्हाला, माझ्या हातानं डावातल्यासारखी टेबलावर दोनदा टकटक केली आणि तोंड म्हणालं, "पास!"

"मी बी पास," शेजारून डिगा.

शैलानं डोळे मिटून घेतले. गेलं माहेर!

मामांनी माझा हात ओढून तळहातावर पेढा ठेवला. "ती बदामची राणी नीट हाय न्हवं? लई वेळ बसला होता तिच्यावर."

मी पेढा तसाच तोंडात कोंबला.

"पुढल्या सोमवारी थोरल्यालाबी घेऊन या," मामा म्हणाले. "एक डबा रिकामा हाय."

आता दोघी बहिणींचं माहेर शाबूत आहे. टेबल मामांनी ठेवून घेतलं, त्यांचा चहा आता सांडत नाही. आम्ही मात्र पुन्हा सतरंजीवर आलो आणि डिगाचं ताक पुन्हा पत्त्यांवर. शिवाय दर रविवारी साडू येतात आणि माझे सगळे चिंचोके जिंकून नेतात. त्यामुळं नवे चिंचोके जमवायला सध्या मी आठवडाभर नुसती चिंच खाऊन राहिलोय. दात पार आंबलेत, आणि उद्या पुन्हा रविवार आहे!