दांड्यावरची पाच भोकं

छोट्या शेतकऱ्यांना दिलेल्या अवजारांवरचा खर्च सार्थकी लागतो का, हे बघायला मी गावोगाव फिरते. परवा सुमनताईंच्या भुईमुगात गेले. योजनेतून मिळालेलं, पिकातलं तण काढायचं सायकल कोळपं बांधाला टेकवलेलं होतं. एका चाकाचं, हाताने ढकलायचं. मूठ उंचीप्रमाणे खालीवर करायला त्याच्या दांड्याला पाच भोकं असतात. चालवणारं माणूस एकच असलं की एकच भोक झिजतं. इथे पाचही झिजून चकचकीत झाली होती.

“ताई, हे कोण कोण चालवतं?”

“आमची पाच जणींची सावड आहे ना! आज सगळ्या माझ्या रानात, उद्या हिराबाईच्या. आम्ही जाऊ तिथं कोळपं येतं.”

माझ्या फॉर्मवर मात्र लाभार्थी ‘एक’ असंच छापलेलं. एका शेतामागे एवढा खर्च परवडत नाही, म्हणून योजना गुंडाळायचं ऑफिसात जवळजवळ ठरलंही होतं.

मोजमापावर माझा विश्वास आहे. मोजूच नका म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. पण आम्ही यादीतली नावं मोजत बसलो आणि वस्तू तर हातांमधून फिरत होती. झिजलेलं लोखंड आमच्या यादीपेक्षा खरं बोलत होतं.

मी ‘एक’ खोडून ‘पाच’ लिहिलं. सुमनताई वाकून बघत होत्या.

“सहा लिहा,” त्या म्हणाल्या. “नवी सून उंच आहे. तिच्यासाठी लोहाराकडून वर अजून एक भोक पाडून आणणार आहे.”