भावाची मनिऑर्डर

वाशीमच्या तहसील कचेरीत मी नुकताच कारकून लागलो होतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचे दाखले लिहायचं काम माझ्याकडे होतं. एके सकाळी केनवडहून एक विधवा बाई आली. नाव आता आठवत नाही. मजुरी करायची, मुलगी मॅट्रिक होऊन कॉलेजात निघाली होती. बोलताना तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

मी मजुरीचा आकडा लिहिला, तशी ती म्हणाली, "थांबा बाबू. माहा भाऊ दर महिन्याले मनिऑर्डर करते. थेबी लिहा."

रांगेतला मागचा माणूस कुजबुजला, "चूप राय ना बाई! उत्पन्न वर गेलं तं पोरीची शिष्यवृत्ती जाईन."

"काहून चूप राहू? त्यानं काय चोरून देल्ले?"

भावाची मदत उत्पन्नात धरतात का, हे मलाच ठाऊक नव्हतं. मी धावत साहेबांकडे गेलो. त्यांनी परिपत्रक काढून वाचलं आणि म्हणाले, "नाही धरायची. फक्त तिची स्वतःची कमाई."

मी पळतच परत आलो. "बाई, पोरगी शिष्यवृत्तीत बसते! भावाचे पैसे धरत नाहीत!"

तिनं आनंदानं दोन्ही हात टेबलावर आपटले. दौत हिंदकळली, सगळी रांग हसली. मग ती पुढं वाकली.

"धरू नका, पन लिहा बाबू. पोरगी कोनाच्या भरोशावर शिकली, थे कागदावर राहू द्या."

त्यासाठी रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, 'मामाची मदत आहे.' साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पुढं मी हजारो दाखले लिहिले. सगळे काही ना काही वगळायला सांगत. लिहायला सांगणारी तेवढी एकच.