इमो, आई आणि सुकट

इमो माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या वाटीकडे बघायची. वाटी रिकामी दिसली की भरायची, भरलेली दिसली की दटावायची, आणि अर्धी दिसली तर ओल्या हातांनी तशीच समोर येऊन बसायची. अर्धी वाटी म्हणजे काहीतरी बिनसलंय, याबद्दल तिला शंकाच नसे. माझे प्रयोग फसताहेत आणि मला सगळं टाकून रायपूरला पळून यावंसं वाटतंय, हे माझ्या गाइडला सहा महिन्यांत कळलं नव्हतं. इमोला ते दोन घास उरलेल्या भातावरून कळलं.

इमो म्हणजे मावशी. कोरियात खानावळीत वाढणाऱ्या बाईला सगळेच इमो म्हणतात, त्यामुळे तिचं खरं नाव मला वर्षभर माहीतच नव्हतं. जोंजू शहरात, आमच्या विद्यापीठाच्या मागच्या फाटकाजवळ तिची सहा टेबलांची खानावळ होती. मी तिथे धानाच्या वाणांवर पीएच.डी. करायला गेले होते. छत्तीसगडच्या पोरीने धान शिकायला कोरियाला जावं, याचं रायपूरच्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात सगळ्यांना हसू आलं होतं. आई तेवढी हसली नाही. रेल्वेतले बाबा दोन वर्षांपूर्वी गेले होते, घरात आम्ही दोघीच. तिनं एकच गोष्ट मागितली. "शिकाचं तेवढं शीक व, पण मांस-मासोळी पोटात जाऊ देऊ नोको. आपल्या घरात कोनी खाल्लं नाही." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली आणि विमानात बसले.

पहिल्याच दिवशी इमोने माझं वय विचारलं, मग लग्नाचं विचारलं, मग इतकी वाळलेली का, हेही विचारून घेतलं. खासगी वगैरे काही असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. मला तर बरं वाटलं, बुढापाऱ्यातल्या एखाद्या काकूच्या तावडीत सापडल्यासारखं. मग तिनं आईचं वय विचारलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि जाहीर केलं, "म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझी धाकटी बहीण झाली." कोरियात नातं ठरवायला वय कळावं लागतं, आणि एकदा ठरलं की ठरलं. तेव्हापासून ती रोज विचारायची, "धाकटीचा फोन आला का?"

मी मांस खात नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, हे मी तिला मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितलं तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "संन्यास घेतलायस का?" म्हणाली. तिथे असं फक्त मठातले भिक्षू जेवतात. "घरात कुणीच खात नाही, आईला शब्द दिलाय," म्हटल्यावर मात्र तिनं पुढे एक अक्षर विचारलं नाही. आईला दिलेला शब्द तिला लगेच समजला. त्या हिवाळ्यात तिनं किमचीची, म्हणजे त्यांच्या कोबीच्या तिखट लोणच्याची, एक वेगळी बरणी घातली. किमचीत एरवी खारवलेले झिंगे पडतात. माझ्या बरणीत नव्हते. झाकणावर तिनं माझं नाव लिहिलं होतं आणि दुसऱ्या कुणी त्या बरणीला हात लावला की ती वस्सकन अंगावर जायची.

भात, ती किमची, टोफू, आणि आंबवलेल्या सोयाबीनचं गरम सार. बाहेर उणे आठ तापमान, नाकाचा शेंडा बधिर, आणि समोर ते वाफाळतं सार. मी रोज दोन वाट्या प्यायचे. आईला फोनवर सांगायचे, "अगं, आपल्या आमटीहून भारी लागतं." आई म्हणायची, "तिच्या हाताले चव हाय मनाव." असं दीड वर्ष चाललं.

एक दिवस मी सकाळीच गेले. तिला लसूण सोलायला मदत करायची असं आदल्या दिवशी ठरलं होतं. इमो मोठ्या पातेल्यावर वाकून झाऱ्याने काहीतरी काढत होती. मी डोकावले. झाऱ्यात बोटभर लांबीच्या वाळलेल्या मासोळ्या होत्या, उकळून फुगलेल्या. आपल्याकडे बाजारात सुकट मिळते ना, त्यातलाच प्रकार. तिनं त्या सगळ्या वेचून काढल्या, कचऱ्यात टाकल्या आणि मग त्याच पाण्यात सोयाबीन कालवलं.

मी विचारलं, "माझ्या सारातही हेच पाणी असतं?" ती सहज म्हणाली, "हो. पण मासे काढून टाकते ना. बघ, एकही उरला नाही."

तिला खरंच तसं वाटत होतं. मासा म्हणजे ताटात दिसतो, दाताखाली येतो तो. उकळून काढून टाकल्यावर उरतं ते पाणी. तिच्या आईनं, आजीनं तेच पाणी वापरलं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त आईचा गळा आला, ज्याची मी शपथ घेतली होती. मी फार वाईट बोलले. "तू मला फसवलंस. पोटच्या मुलीला असं खाऊ घातलं असतंस का?" हे वाक्य नेमकं शुद्ध कोरियनमध्ये जमलं, ते तिनंच शिकवलेल्या कोरियनमध्ये. ती झारा हातात धरून उभीच राहिली. मी निघून आले.

आठ दिवस मी खोलीवर ब्रेड आणि केळी खाल्ली. आईला काही सांगितलं नाही. तिला कळलं तर ती मला परत बोलावेल याची धास्ती होती, आणि इमोशी तुटलं तर मी इथे कुणाच्या भरवशावर राहणार, याचीही.

नवव्या दिवशी दुपारी इमो होस्टेलवर आली. खानावळीच्या वेळेत, एप्रन काढून, चांगला कोट घालून. तिला मी त्या वेळी रस्त्यावर कधी पाहिलं नव्हतं. गावाबाहेरच्या मठात जाऊन आली होती म्हणे, ते पाणी मासा म्हणून धरायचं का, हे विचारायला. "भिक्षू म्हणाले, धरायचं." मग म्हणाली, "धाकटीला फोन लाव."

मी म्हटलं, "इमो, राहू दे, आईला कळायला नको." ती म्हणाली, "शब्द तू तिला दिला होतास. मोडला मी. तुझी माफी मागून काय होणार?"

मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून जमिनीवर ठेवला. रायपूरला सकाळचे दहा वाजले असतील. आई ओट्यापाशी होती, मागे कुकरची शिट्टी. ती काही बोलायच्या आत इमोनं फोनसमोर गुडघे टेकले, दोन्ही हात जमिनीवर ठेवले आणि कपाळ फरशीला लावलं. उठेचना.

"अवं, काय करून राहिली ते? उठव तिले," आई घाबरली. मी सगळं सांगितलं. मासोळ्या, पाणी, दीड वर्ष.

आईनं फोन उचलून जवळ धरला.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"अन् तुले ताप आला होता, थंडीत, तवा कोन करे?"

"हीच. खोलीवर आणून द्यायची."

आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. "तिले मन, उठ. माह्या पोट्टीले परदेशात कोनी दीड वर्ष गरम खाऊ घातलं, त्याचं पाप कसं होईन? पन आता टाकू नोको मनाव त्या मासोळ्या. मी दोन एकादशा जास्तीच्या धरतो, झालं."

मी हे कोरियनमध्ये सांगू लागले आणि मधेच रडू फुटलं. इमोनं डोकं वर केलं, माझ्याकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता, आणि मी तर भाषांतर करण्याच्या लायकीचीच उरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून माझं सार वेगळ्या पातेल्यात, मुळा आणि वाळवलेल्या अळिंब्यांच्या पाण्यात होऊ लागलं.

पीएच.डी. संपवून मी निघाले त्या दिवशी इमो बसस्टॉपवर आली नाही. "जेवणाची वेळ आहे, पोरं उपाशी राहतील," म्हणाली आणि डबा हातात ठेवून आत वळली. मला तेव्हा राग आला होता. अशी होती ती.

रायपूरला परतले, नोकरी लागली, भनपुरीच्या गर्दीतून रोज स्कूटी चालवू लागले. तिला दर महिन्याला फोन करायचा असं ठरवलं होतं, ते दर सणाला झालं, मग राहून राहून. गेल्या भाद्रपदात जोंजूच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीचा निरोप आला. इमो झोपेतच गेली.

सर्वपित्रीला आई पहाटेपासून स्वयंपाकाला लागली. बाबांचं पान वाढून झाल्यावर म्हणाली, "अजून एक पान घे. तिचं."

"आई, आपल्यात चालतं का?"

"चालते. मोठी बहीन होय माही." मग हात पुसत तिनं विचारलं, "तिले काय आवडे?"

ज्याचं पान, त्याच्या आवडीचं काहीतरी त्यात हवं, ही आमच्या घरची रीत. मला काय आवडतं, ते तिला पाठ होतं. तिला काय आवडायचं, ते मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. खूप आठवून म्हटलं, "ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. पातेल्याच्या बुडाला लागलेला भात खरवडून घ्यायची, त्यात गरम पाणी ओतायची, अन् उभ्याउभ्याच खायची."

आई माझ्याकडे वळली. "ते आवडनं नोहे व पोरी," ती म्हणाली. "ते उरलेलं होय. मीबी तेच खातो."

वडे, कढी, खीर, भोपळ्याची भाजी, सगळी भांडी ओट्यावर मांडलेली होती. आईनं पान माझ्या हातात दिलं.

"सगळंच वाढ. आज तिले निवडू दे."