देवापुढचा नारळ

शिमग्याला ये म्हणून बहिणीचा फोन आला की अजूनही माझं डोकं फिरतं. पालखी, ढोल, पोळ्या, सगळ्याची हौस होती मला एके काळी. आता नाव काढू नका.

ताईची मुलगी कॉलेजसाठी रत्नागिरीत माझ्याकडे राहायची. कोकण रेल्वे नवीनच सुरू झाली होती तेव्हा. बडबडी पोर. भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला नेली की इतकी मोठ्याने हसायची की लोक वळून बघायचे. शनिवारी गावी जायची, सोमवारी पहिल्या एस.टी.ने परत. त्या सोमवारी आली ती दारातच बसली, चप्पल काढायचंही भान नाही. आदल्या दिवशी बापाचं जेवण घेऊन बागेत गेली होती. बाप लांब वरच्या आंब्याच्या कलमांकडे, आणि राखणीच्या खोपीत बापाचा चुलतभाऊ. लहानपणी जत्रेत हिला खांद्यावर घेऊन फिरवणारा काका. पुढचं तिने मला सांगितलं, ते इथे लिहीत नाही. बलात्कार हा शब्द मात्र लिहिते, कारण तो त्या घरात आजवर कोणी उच्चारलेला नाही. "ते झालं तेव्हा" असं म्हणतात. मसणात जावो तुमचं ते "ते"!

आईला तिने रात्रीच सांगितलं होतं. आई म्हणाली, "गप राहा." म्हणून पोर उठून माझ्याकडे आली. कालचे कपडे पिशवीत कोंबून आणले होते. मी म्हटलं, धुवायचे नाहीत. शाळेत मी शिकवायची, तिथे रजा कळवली आणि रिक्षा बोलावली. आधी सरकारी दवाखाना, मग पोलीस. रिक्षात पाय टाकणार तोच ताई आणि भावोजी समोर हजर, मागच्या गाडीने आलेले.

भावोजी वाईट माणूस नव्हे. रस्त्यात उभे राहून रडत होते. म्हणाले, "आधी गावकी बसू दे. तिथे न्याय नाही मिळाला तर मी स्वतः हिला पोलिसात घेऊन जातो. शब्द देतो." पोरीने बापाकडे बघितलं आणि मान हलवली. रिक्षा रिकामी गेली.

गावकी म्हणजे गावातल्या जाणत्या पुरुषांची बैठक. देवळात बसली. आम्ही बायका बाहेर. जिच्यावर बेतलं तिलाही आत बोलावलं नाही. पोरीची जात, चारचौघांत काय विचारायचं म्हणे! तिच्या वतीने बाप बोलला, तोही अर्धं गिळून. मग त्या मेल्याने देवापुढे नारळ ठेवला आणि शपथ घेतली की मी काही केलं नाही. झालं! नारळ ठेवला म्हणजे मिटलं. यापुढे हा विषय जो काढील त्याला देव बघून घेईल, असं एका म्हाताऱ्याने सांगितलं आणि सगळे चहाला उठले.

"अगो, खोटी शपथ त्याने घेतली ना? मग देव त्याला बघेल," मी ताईला म्हटलं. "पोलिसात जायला आपल्याला कसली भीती?"

"नको गो. देवापुढे मिटलेलं बाहेर नेलं आणि ह्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

काय बोलणार, कपाळ? कुंपणच शेत खातंय आणि ही कुंपणाला हात जोडत्येय.

घरी आल्यावर पोर म्हणाली, "मी जाते मावशीबरोबर पोलिसात." तेव्हा भावोजी उठले आणि तिच्या पायाशी वाकले. शब्द दिलेला बाप! बापाने पाय धरल्यावर पोरीने करावं काय? ती भिंतीला टेकून खाली बसली. कपड्यांची पिशवी मी बरोबर आणली होती. शोधायला गेले तर ताईने ती न्हाणीतल्या पाणचुलीत जाळली होती.

पुढच्याच महिन्यात शिमगा. पालखी घरोघर येते. अंगणात आली की घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते. पुढच्या दांडीचा मान त्या काकाच्या घराचा, त्यामुळे पुढे तोच. मी ताईला म्हटलं, यंदा पालखी घेऊ नका. ती म्हणाली, "गाव वाळीत टाकील आम्हाला." ढोल अंगणात आले. ताई तांब्या घेऊन वाकली आणि एकेकाच्या पायांवर पाणी घालत त्याच्यापर्यंत आली. फेक गो, तांब्या तोंडावर फेक त्याच्या, मी मनात ओरडत होते. तिने पाणी घातलं. बाकीच्यांच्या पायांवर घातलं तसंच, नीट.

पोर खिडकीतून बघत होती. दुपारच्या गाडीने आम्ही दोघी परत निघालो. गाडीत म्हणाली, "मावशी, आईचा हात थरथरला पण नाही गो."

परीक्षा देऊन ती मुंबईला नोकरीला गेली. गावात पुन्हा पाऊल टाकलं नाही. आईशी फोनवर बोलते, पण पाऊसपाण्याचं. तिचं ते हसणं मी नंतर कधी ऐकलं नाही.

चार-पाच वर्षांनी ताईचा अवेळी फोन आला. त्याच वाडीतली दुसरी मुलगी. तोच माणूस, तीच खोपी. मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, आणि त्याचंच रडू आलं.

"तिची आई माझ्या ओटीवर येऊन बसल्येय गो," ताई म्हणाली. "विचारत्येय, पोलिसात जाऊ की गावकीत नारळ ठेवायला लावू?"

"पोलिसात जा म्हणावं! आत्ताच्या आत्ता! कपडे धुऊ नका, तसेच घेऊन या. मी स्टँडवर येऊन थांबते."

 

"तिला सांगते जा म्हणून," ताई म्हणाली. "पण मग माझ्या पोरीला काय सांगू?"