हंड्यात सांगा

वाहतं पाणी दिसलं आणि ते न मोजता पुढे गेले, असं आमच्या शेजारच्या काकांनी जन्मात केलेलं नाही. उभी नोकरी कालव्यावर पाणी मोजण्यात गेली. निवृत्त होऊन हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात परतले ते मनगटावरचं घड्याळ आणि सगळे गुणाकार सोबत घेऊनच. टीव्हीवर धरणातून अमुक हजार क्युसेक सोडल्याची बातमी आली की काका बातम्या देणाऱ्या बाईवर ओरडणार, "अगं, लोकायला हंड्यात सांग! एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर, जवळपास दोन हंडे!" हॉटेलवाल्याला त्यांनी एकदा त्याच्या चहाच्या धारेचा हिशेब सांगितला, तेव्हापासून काका दिसले की तो किटली खाली ठेवतो. काकू वैतागायच्या. "ह्यांच्यासमोर रडायची सोय न्हाई. डोळ्यातलंबी मोजतील."

माझ्या बोअरला पाणी लागलं, तेव्हा सगळे "दोन इंच, दोन इंच" म्हणून नाचत होते. मी केळीच्या रोपांची चौकशीसुद्धा करून बसलो होतो. काका पंधरा लिटरची बादली घेऊन आले. दहा सेकंदांत भरली. "इंचानं काहून मोजून राहिला? तासाला चोपन्नशे लिटर. उन्हाळ्यात निम्मं धर. केळीचा नाद सोड, ठिबकवर हळद लाव." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मग गुपचूप हळद लावली. उन्हाळ्यात तीच बादली भरायला वीस सेकंद लागले.

गेल्या वर्षी काकूंना हिंगोलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय आधीच थकलेलं, त्यात जुलाबानं अंगातलं पाणी गेलेलं. "सलाईन तासाला साठच मिली. जास्त गेलं तर छातीत पाणी होईल," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मिनिटाला वीस थेंब," काका पुटपुटले आणि खाटेशेजारी घड्याळ धरून बसले. जेवायलाही उठेनात. सिस्टर हसली, "आजोबा, आम्ही बघतो ना." काका म्हणाले, "तुमी बघा की. मी मोजतो."

दुसऱ्या दुपारी, त्यांचा जीव जरा रमावा म्हणून मी विचारलं, "काका, याचे क्युसेक किती?"

"आकडा लई बारीक हाय रे." काकांनी घड्याळावरची नजर काढली नाही.

तेवढ्यात काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "हंड्यात सांगा की."

काका गडबडले. उभ्या संसारात काकूंनी आपणहून आकडा कधी विचारला नव्हता. "हंडा भराया... अडीचशे तास. धा दिवस."

"मंग धा दिवस तरी मला कुठं जाता येत न्हाई."

काका हसता हसता रडायला लागले आणि मोजणी चुकली. त्यापुढचे थेंब मी मोजले.

काकू घरी आल्या. ते दहा दिवस कधीच उलटून गेले. अजूनही नळ आला की त्या ओट्यावरून थकल्या आवाजात विचारतात, "आपला हंडा किती भरला वो?" आणि जन्मात चुकीचा आकडा न सांगणारे काका त्यांच्याकडे न बघता म्हणतात, "लई रिकामा हाय अजून."