श्रावणकाकांच्या नावावरची चूक

श्रावणकाका प्रयोगशाळेच्या दारातच आमचे हात पाहायचे. विद्यापीठातलं ते यंत्र अणूच्या आतल्या कणांना वेग देई, आणि त्यासाठी त्याच्या लांब नळीतली हवा पूर्ण काढून टाकावी लागे. आत उघड्या बोटाचा ठसा उमटला तरी ती नीट रिकामी होत नसे. केनवडच्या श्रावणकाकांनी सगळी नोकरी त्या नळीपाशी काढली. "उघडा हात लावशीन तं याद राख. तुह्या बोटाचं तेल तिले पचत नाई," असं ते नव्या विद्यार्थ्याला बजावत. मी त्यांच्या शेजारच्याच रिसोडचा, म्हणून मला जरा जास्तच.

एकदा घाईत मी हातमोजे न घालता आतला सांधा पुसला. पंप चालत राहिले, नळी रिकामी होईना. काकांनी ती उघडली, ठसा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं : चूक माझी. खाली सही केली. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "गप राह्य. मी कायम नोकरीत हावो, मले कोन काढते? तुले उद्याच घरी धाडतीन. मंग काय सोयाबीन सोंगशीन?"

यंत्र आठ दिवस बंद राहिलं. विभागप्रमुखांनी काकांना सर्वांदेखत झापलं. मी मागच्या रांगेत उभा होतो.

पुढे मी तिथेच प्राध्यापक झालो. प्रयोगशाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि जुन्या नोंदवहीतलं ते पान समोर आलं. खरं लिहिता आलं असतं. निदान गाळता तरी आलं असतं. मी लिहिलं : 'तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र आठ दिवस बंद होते.' नोंद आहे तर इतिहासात यायलाच हवी, अशी मी माझी समजूत घातली.

पुस्तक द्यायला केनवडला गेलो. निवृत्त काका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांची सून मीना पुस्तक मोठ्यानं वाचू लागली आणि त्या ओळीवर अडली.

"मामाजी, हे कोनाबद्दल हाये?"

"माह्याबद्दल," काका शेंगेवरची नजर न काढता म्हणाले. "झाली होती चूक. वाच पुढं."

मी चहा संपवला आणि चारच्या एसटीनं निघालो.

यंदा काका गेले. तेरवीला मीनाला बाजूला बोलावून मी सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"आमाले मालूम हाये, सर. तुमी गेल्यावर त्याईनंच सांगतलं. म्हणे, तो सोताहून सांगीन, कोनी त्याले इचारू नका." मग पदर सावरत ती म्हणाली, "फोन वाजला का दरवेळी इचारत, त्याचा हाये का?"